उरलेल्या मंडळींची निवडणूक: आयोवाच्या कॉकसमध्ये काउंटीचे प्रतिनिधी आणि पदाधिकारी कसे निवडतात

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे नाव मराठी वृत्तपत्रांत चार वर्षांतून एकदा, ऐन हिवाळ्यात येते आणि दोन दिवसांत पुन्हा दिसेनासे होते. बातमी असते ती कॉकस नावाच्या पक्षसभांत राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्या इच्छुकाला किती मते पडली याची. त्याच संध्याकाळी, त्याच खोल्यांतून, बरीच माणसे कोट-टोप्या चढवून घरी गेल्यानंतर जे घडते, त्याची बातमी कुणी करत नाही. उरलेली मंडळी काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग) पक्ष-अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी आणि काउंटीच्या मध्यवर्ती समितीचे सदस्य निवडतात, आणि पुढची दोन वर्षे त्या भागातला पक्ष कुणाच्या हाती राहणार हे त्यातूनच ठरते. डे मॉइन, वॉकी, एम्स, आयोवा सिटी अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या, अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या आणि मतदानापलीकडे काही करावे असे वाटणाऱ्या मराठी मंडळींना या दुसऱ्या भागात उतरता यावे, यासाठी ही माहिती लिहीत आहे.

प्रथम रचना समजून घ्यावी. आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख असून राज्यात ९९ काउंट्या आहेत. त्यांतली ॲडम्स काउंटी चार हजार लोकवस्तीचीही नाही, तर राजधानी डे मॉइन जिच्यात येते त्या पोक काउंटीत जवळपास पाच लाख माणसे राहतात. तरी पक्षसंघटनेच्या दृष्टीने दोन्हींचा दर्जा सारखाच आणि प्रत्येकीची समिती स्वतंत्र. काउंटीचे लहान लहान भाग पाडलेले असतात आणि त्यांना प्रिसिंक्ट म्हणतात. आपल्याकडच्या मतदान केंद्राच्या यादीइतका त्याचा आवाका धरावा. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक हे दोन्ही पक्ष प्रत्येक सम वर्षी प्रिसिंक्टनिहाय सभा घेतात, तीच कॉकस. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या सम वर्षीही ती होते, हे अनेकांना ठाऊक नसते. ही सरकारी निवडणूक नव्हे. सभा पक्ष घेतो आणि मोजणीही पक्षाचेच लोक करतात. मात्र ती मनमानी पद्धतीने घेता येत नाही, कारण राज्याच्या निवडणूक कायद्याच्या ४३ व्या प्रकरणात तिची चौकट आखून दिलेली आहे. फेब्रुवारीच्या चौथ्या सोमवारपर्यंत ती व्हावी लागते, शक्यतो सार्वजनिक इमारतीत घ्यावी लागते आणि तिची तारीख, वेळ व जागा स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते.

सभेत मत देण्यासाठी तीन गोष्टी लागतात. तुम्ही त्याच प्रिसिंक्टचे रहिवासी असले पाहिजे, त्या पक्षाचे मतदार म्हणून तुमची नोंदणी असली पाहिजे आणि येत्या नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत तुमचे वय १८ पूर्ण होणार असले पाहिजे. शेवटच्या अटीमुळे सतरा वर्षांची मुलेही कॉकसमध्ये पूर्ण अधिकाराने मत देतात, आणि इथेच जन्मलेल्या, बारावीत शिकणाऱ्या मराठी मुलांना आईवडिलांच्याही आधी ही संधी मिळाल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील. नोंदणी नसेल किंवा दुसऱ्या पक्षाची असेल, तर ती दारातच अर्ज भरून करता अथवा बदलता येते.

येथे एक सूचना जरा कडक शब्दांत द्यावी लागते. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन व्हिसावर असलेल्या व्यक्तीने, दारातल्या स्वयंसेवकाने कितीही आग्रहाने आणि सद्भावनेने फॉर्म पुढे केला तरी, मतदार नोंदणीचा अर्ज भरू नये. त्या अर्जावर आपण नागरिक असल्याची सही असते, आणि नागरिकत्वाचा खोटा दावा हा देशाबाहेर काढले जाण्याइतका गंभीर प्रकार मानला जातो. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे फारसे उपयोगी पडत नाही. सभा पाहायची इच्छा असेल तर निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसण्याची परवानगी सहसा मिळते. ती मागून घ्यावी आणि फॉर्मला हात लावू नये.

तयारी आठवडाभर आधी करावी. आपला प्रिसिंक्ट कोणता हे काउंटीच्या ऑडिटर कार्यालयाच्या संकेतस्थळावर पत्ता घालून कळते, कारण आयोवात मतदार नोंदणी आणि निवडणुकीचे काम काउंटी ऑडिटरकडे असते. कॉकसची जागा मात्र पक्ष ठरवतो आणि ती तुमच्या नेहमीच्या मतदान केंद्राहून वेगळी असू शकते. अनेकदा एकाच शाळेत सात-आठ प्रिसिंक्टच्या सभा वेगवेगळ्या वर्गांत भरतात, म्हणून शाळेत पोचलो म्हणजे झाले असे समजू नये. दारावर डकवलेल्या कागदावर आपला प्रिसिंक्ट शोधून त्याच खोलीत जावे. सभा बहुधा संध्याकाळी सात वाजता सुरू होते. साडेसहाला पोचावे आणि फोटो असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. टेबलावर आडनावाच्या आद्याक्षरानुसार याद्या लावलेल्या असतात, आणि आपल्या नावांतले वडिलांचे किंवा नवऱ्याचे मधले नाव कुठल्या कागदावर आडनाव होऊन बसले असेल याचा नेम नसतो. नोंदणी कोणत्या नावाने आहे हे घरीच तपासले, तर रांगेतला वेळ वाचतो.

ज्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा एकदा जरी पाहिली आहे, त्यांना खोलीतले कामकाज परके वाटणार नाही. काउंटी समितीने नेमलेला तात्पुरता अध्यक्ष सभा सुरू करतो आणि पहिलेच काम म्हणजे सभेने स्वतःचा अध्यक्ष व सचिव निवडणे. सूचक लागतो, अनुमोदक लागतो, हात वर होतात आणि बहुतेक वेळा तात्पुरताच कायम होतो. तुमच्या गटाला कामकाजाच्या पद्धतीविषयी शंका असेल, तर अध्यक्ष बदलण्याची हीच एक संधी असते. नंतर तक्रार करून उपयोग होत नाही. मधल्या वेळात पक्षनिधीचे पाकीट फिरते. त्यात काही घातलेच पाहिजे असे नाही. स्थानिक इच्छुकांचे उमेदवारी अर्जही सह्यांसाठी फिरतात; त्यावर सही करण्यापूर्वी तो आपल्याच मतदारसंघातला आहे ना, हे पाहावे.

राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी यानंतर पसंतीचे मतदान होते. रिपब्लिकन पक्ष ते गुप्त चिठ्ठीने घेतो. डेमोक्रॅटिक पक्षात २०२० पर्यंत माणसे उमेदवारानुसार खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन उभी राहत, सहसा १५ टक्क्यांखालचा गट बाद होई, त्यातली माणसे इतरांकडे वळत, आणि २०१६ मध्ये काही ठिकाणी उरलेला एक प्रतिनिधी कुणाला द्यायचा हे नाणे उडवून ठरले होते. २०२० मध्ये निकाल कळवण्याच्या ॲपचा बोजवारा उडाला आणि ही पद्धत मोडीत निघाली. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पसंतीची कार्डे टपालाने मागवली आणि त्यांचा निकाल ५ मार्चला जाहीर केला. प्रत्यक्ष सभा मात्र १५ जानेवारीलाच झाली, नेमकी संक्रांतीच्या दिवशी, पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेलेला असताना, आणि तिच्यात केवळ पक्षाचे अंतर्गत काम होते. एरवी शेवटी उरकले जाणारे काम हीच त्या वर्षीची सगळी सभा होती. कॉकसचा गाभा काय आहे, हे मला त्या रात्री सर्वांत स्पष्टपणे दिसले.

आता मुख्य भाग. तुमच्या प्रिसिंक्टला काउंटी अधिवेशनात किती जागा आहेत, हे त्या रात्री किती माणसे जमली यावर ठरत नाही. मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष किंवा राज्यपालपदासाठी तुमच्या प्रिसिंक्टने त्या पक्षाच्या उमेदवाराला किती मते दिली, त्या प्रमाणात काउंटीची मध्यवर्ती समिती जागा आधीच ठरवून देते. म्हणून सहा जागा असलेल्या खोलीत साठ माणसेही असू शकतात आणि नऊही. साठ असतील तर चुरस होते. नऊ असतील तर अध्यक्ष अक्षरशः विनवण्या करतो. माझा अनुभव बहुतेक दुसऱ्या प्रकारचा आहे. पसंतीचे मतदान संपते, खुर्च्या सरकतात, ‘मुलांना झोपवायचे आहे’ असे म्हणत दोन-तीन कुटुंबे एकदम उठतात, आणि पाहता पाहता खोली रिकामी होते. मग अध्यक्ष फळ्याकडे बोट दाखवून विचारतो की काउंटी अधिवेशनासाठी कोण तयार आहे, आणि क्षणभर सगळे आपापल्या बुटांकडे पाहतात. त्या क्षणी हात वर करणाऱ्याची निवड बहुधा बिनविरोध होते.

चुरस झाली तर कसे मत घ्यायचे, हे पक्षाच्या नियमांत आणि काही अंशी त्या सभेच्या निर्णयावर असते. हात वर करून, चिठ्ठीने किंवा गटवार पद्धतीने निवड होऊ शकते. निवडीपूर्वी अध्यक्षाला उभे राहून विचारावे की मत कसे घेतले जाईल, एका व्यक्तीने किती नावांना मत द्यायचे आणि बरोबरी झाली तर काय. हा प्रश्न उद्धटपणाचा समजला जात नाही, उलट तो आधी विचारणारा माणूस खोलीत असल्यामुळे पुढचे वाद टळतात. बोलण्यासाठी फार तर एक मिनिट मिळते, म्हणून आपण या भागात किती वर्षे राहतो, कोणत्या प्रश्नासाठी जाऊ इच्छितो आणि अधिवेशनाचा शनिवार खरोखर मोकळा आहे, एवढे तीन वाक्यांत सांगावे. उच्चारांची काळजी करू नये. आडनाव कठीण असेल तर फळ्यावर स्वतः स्वच्छ अक्षरांत लिहावे, कारण चिठ्ठीवर ते नाव इतरांना लिहायचे असते.

मुख्य प्रतिनिधींबरोबर पर्यायी प्रतिनिधीही निवडले जातात. ही जागा दुय्यम समजून नाकारू नये. कॉकस आणि अधिवेशन यांच्यात अनेक आठवडे जातात, तेवढ्यात कुणाच्या मुलाचा सामना निघतो, कुणाला फ्लू होतो, आणि अधिवेशनाच्या सकाळी रिकाम्या जागांवर पर्यायी प्रतिनिधींना बसवले जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांना मी दोन घटना सांगतो. ३ जानेवारी २०१२ च्या रात्री रिपब्लिकन कॉकसमध्ये मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले, पंधरवड्यानंतरच्या अंतिम मोजणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि सगळी चर्चा या दोघांभोवतीच फिरत राहिली. तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉन पॉल यांचे समर्थक मात्र त्या रात्री घरी गेले नव्हते. ते खोलीत थांबले, प्रतिनिधी झाले, काउंटी, जिल्हा (इथे काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, मतदारसंघ) आणि राज्य अशा तिन्ही पायऱ्या चढले, आणि ऑगस्टमध्ये टॅम्पा येथील, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी रॉन पॉल यांना मत दिले. त्यानंतर पक्षाने नियम बदलून प्रतिनिधींना कॉकसच्या निकालाशी बांधून घेतले, त्यामुळे हाच प्रकार आज तसाच घडणार नाही. दुसरी घटना मला अधिक बोलकी वाटते. आयोवाच्या कायद्यानुसार प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एकाही उमेदवाराला ३५ टक्के मते मिळाली नाहीत, तर उमेदवार ठरवण्याचा अधिकार अधिवेशनातल्या प्रतिनिधींकडे जातो. काउंटीच्या पदासाठी काउंटीच्या अधिवेशनाकडे आणि काँग्रेसच्या जागेसाठी जिल्हा अधिवेशनाकडे. जून २०१४ मध्ये तिसऱ्या काँग्रेस मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाचे सहा इच्छुक होते आणि कुणीही ३५ टक्क्यांपर्यंत पोचला नाही. प्राथमिक निवडणुकीत पाचव्या क्रमांकावर राहिलेले डेव्हिड यंग यांना जिल्हा अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी मतदानाच्या पाचव्या फेरीत उमेदवारी दिली आणि नोव्हेंबरमध्ये ते निवडून येऊन काँग्रेसमध्ये गेले. ते प्रतिनिधी कोण होते? त्या हिवाळ्यात प्रिसिंक्टच्या खोलीत थांबलेल्या लोकांमधून काउंटी अधिवेशनांनी पुढे पाठवलेली माणसे. काउंटीच्या प्रतिनिधीची मुदत दोन वर्षांची असते ती याचसाठी. मार्चचे अधिवेशन झाले म्हणजे काम संपले, असे नसते.

काउंटीचे पदाधिकारी निवडण्याची वाट वेगळी आहे आणि ती लोकांना त्याहूनही कमी माहीत असते. कॉकसमध्ये प्रत्येक प्रिसिंक्टमधून काउंटीच्या मध्यवर्ती समितीवर किमान दोन सदस्य दोन वर्षांसाठी निवडले जातात. ही समितीच आपला अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडते. म्हणजे काउंटीत पक्षाचे हजारो नोंदणीकृत मतदार असले तरी काउंटी अध्यक्षाला मत देण्याचा अधिकार या समितीच्या सदस्यांनाच असतो, आणि प्रत्यक्ष बैठकीला त्यातलेही सगळे येत नाहीत. लहान काउंटीत एखाद्या ग्रंथालयाच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांच्या मतांवर अध्यक्ष ठरतो. ज्याला संघटनेत खरोखर काम करायचे आहे, त्याने प्रतिनिधी होण्याबरोबर समितीची जागाही मागावी. एकच व्यक्ती दोन्ही ठिकाणी असू शकते.

समितीचे काम दिसायला रूक्ष असते. पुढच्या कॉकसच्या जागा मिळवणे, स्वयंसेवक जमवणे, काउंटीच्या पदांसाठी उमेदवार शोधणे, निधी उभा करणे आणि मतदान केंद्रांवर काम करायला तयार असलेल्यांची नावे ऑडिटरकडे देणे, असे ते काम आहे. पण एकदा तिथे बसलात की बैठकांच्या तारखा कोण ठरवतो, पदाधिकाऱ्यांची निवड कोणत्या महिन्यात होते, गैरहजर सदस्याला आपले मत दुसऱ्याकडे देता येते का, गणपूर्ती कितीची, मध्येच रिकामी झालेली जागा कशी भरतात, या साऱ्यांची उत्तरे महत्त्वाची ठरतात आणि ती प्रत्येक काउंटीच्या उपविधींत वेगवेगळी असतात. म्हणून सदस्य झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सचिवाकडे उपविधींची प्रत मागावी. ती सहज मिळाली तर उत्तमच. मिळायला तीन स्मरणपत्रे लागली, तर त्या काउंटीत काय चालले आहे याची कल्पना आपोआप येते. अध्यक्षपदासाठी कुणाला पाठिंबा द्यायचा असेल तर बैठकीच्या रात्री भाषणावर विसंबू नये. सदस्यांची यादी घेऊन आधीच्या दोन आठवड्यांत एकेकाला फोन करावा. एवढ्या लहान मतदारसंघात फोनवरच निवडणूक होते. आणि तुमच्या प्रिसिंक्टची जागा रिकामी असेल, तर कॉकस चुकली म्हणून दोन वर्षे थांबायचे कारण नाही. अशा जागा समिती मध्येच भरते, तेव्हा नुसते पत्र पाठवून बैठकीला जाऊन बसले तरी पुष्कळदा काम होते.

कॉकसच्या शेवटी ठराव मांडता येतात. ते पुढे काउंटीच्या जाहीरनाम्यासाठी विचारात घेतले जातात. ठराव एका वाक्याचा, आधीच टंकलेला आणि दोन प्रतींत असावा. एवढे पुरे.

काउंटीचे अधिवेशन बहुधा मार्चमधल्या शनिवारी भरते आणि दिवस खाते. सकाळी पात्रता समिती उपस्थित प्रतिनिधींची नोंद करते, पर्यायी प्रतिनिधींना रिकाम्या जागी बसवते आणि तिचा अहवाल मंजूर झाल्याशिवाय पुढचे मतदान होत नाही. म्हणून उशीर झाला तर तुमची खुर्ची दुसऱ्याकडे गेलेली असू शकते. त्यानंतर नियम, जाहीरनामा आणि जिल्हा व राज्य अधिवेशनांसाठी प्रतिनिधींची निवड असा क्रम साधारणपणे असतो, काही ठिकाणी निवड आधी घेतात. आयोवात काँग्रेसचे चार मतदारसंघ असल्यामुळे जिल्हा अधिवेशनेही चार होतात आणि राज्य मध्यवर्ती समितीचे सदस्य त्यांत निवडले जातात. जाहीरनाम्यावरची चर्चा लांबते, उपसूचनेवर उपसूचना येतात, जेवणानंतर लोक गळू लागतात, आणि इथेही तोच न्याय लागू होतो: पुढच्या पायरीचे मतदान उशिरा असेल तर तोपर्यंत थांबलेल्यांचे वजन वाढलेले असते. डबा बरोबर न्यावा. शाकाहारी माणसासाठी तिथे चिप्स आणि कुकीज यांपलीकडे काही असेल याची खात्री देता येत नाही.

कागदपत्रांविषयी एक अनुभव सांगून थांबतो. एका वर्षी मी प्रतिनिधी म्हणून निवडून आलो, टाळ्या पडल्या, सचिवाने माझे नाव फॉर्मवर लिहिले, आणि मार्च उजाडला तरी अधिवेशनाची सूचना आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की ई-मेलमधले एक अक्षर चुकले होते आणि आडनावाची दोन अक्षरे उलटसुलट झाल्यामुळे मतदार यादीत कुणाला माझी नोंदच सापडली नव्हती. कॉकसनंतर निवडलेल्यांची नावे काउंटी समितीकडून ऑडिटरकडे जातात, त्यामुळे त्या फॉर्मवर जे लिहिले जाते तेच पुढे सगळीकडे चालते. तेव्हापासून मी खोली सोडण्यापूर्वी सचिवाच्या शेजारी उभा राहून माझी ओळ स्वतः वाचतो, मोबाइलवर फॉर्मचा फोटो काढतो आणि दहा दिवसांनी काउंटी समितीला एक छोटा ई-मेल पाठवून यादीत नाव आहे ना, हे विचारतो.